बदललेली बंदूक बाटलेली नव्हे

जुन्या लष्करी बंदुका जमवणाऱ्यांमध्ये एक मत इतके मुरले आहे, की त्याला मत न म्हणता नियमच म्हणतात. बंदूक कारखान्यातून जशी निघाली तशीच हाती आली तर ती अस्सल. मध्ये कोणी तिच्यात फेरफार केला असेल तर तिचा कस गेला. गारेची बंदूक पुढे टोपीची झाली असेल, तर भाव निम्म्यावर. नळी तोकडी केली असेल, तर त्याहून खाली. नळीतल्या सर्पिल खाचा घासून काढल्या असतील, तर ती भंगारात. या नियमाला एक पोटनियमही जोडलेला असतो: जमल्यास मधला बदल काढून टाकावा आणि बंदूक ‘मूळ पदावर’ आणावी. मला हे मत साफ अमान्य आहे. त्याने मोल ठरवताना चूक होते हा त्याचा लहान दोष. त्यापायी बंदुकीवर उमटलेला इतिहास कानशीने पुसला जातो हा मोठा.

हा वाद पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात मांडायला सबळ कारण आहे. चाकणच्या संग्रामदुर्गाने १६६० च्या पावसाळ्यात फिरंगोजी नरसाळ्याच्या हाताखाली शायिस्ताखानाच्या फौजेला जवळजवळ दोन महिने रोखून धरले. सुरुंगाने बुरूज उडाला तेव्हाच किल्ला पडला. तो तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने बार काढायच्या, बंदुकांचा काळ. जानेवारी १७७९ मध्ये मुंबईहून निघालेली ईस्ट इंडिया कंपनीची फौज तळेगावपर्यंत आली, जड तोफा तिथल्या तळ्यात ढकलून रातोरात मागे फिरली आणि वडगावला तिला तह पत्करावा लागला. ही लढाई गारेच्या बंदुकांची. दापोडीला दुसऱ्या बाजीरावाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या पलटणी फोर्ड या इंग्रज अधिकाऱ्याच्या हुकमतीत होत्या. ५ नोव्हेंबर १८१७ ला त्या दापोडीहून निघाल्या आणि खडकीच्या रणात कंपनीच्या बाजूने उतरल्या. त्याच खडकीत १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना आला आणि तिथल्या काडतुसांच्या बुडावर के. एफ. ही अक्षरे उमटू लागली. तोड्यापासून काडतुसापर्यंतचा सगळा पल्ला एका दिवसात फिरून येता येईल अशा टापूत आहे. आणि याच टापूत, भोसरी, तळवडे, चाकणच्या शेडमध्ये, नमुना दाखवला की हवा तो लोखंडी भाग आठवड्यात करून मिळतो. बंदूक ‘मूळ पदावर’ आणण्याची हौस इथे जितकी सहज पुरी होऊ शकते तितकी फार थोड्या ठिकाणी होईल.

पूर्वपक्ष आधी नीट मांडू, कारण तो मूर्खांचा नाही. त्याचे म्हणणे तीन पायांवर उभे आहे. एक, वस्तूचे खरे रूप म्हणजे तिच्या कर्त्याने दिलेले रूप; नंतरचे सारे उपरे. दोन, बहुतेक बदल पैसे वाचवण्यासाठी केलेली डागडुजी असते, तिच्यात कारागिरी नाही. तीन, बदललेल्या बंदुकीत खरे कोणते आणि व्यापाऱ्याने घुसवलेले कोणते हे कळत नाही. म्हणून शहाण्याने तिच्या वाटेला जाऊ नये. तिसरा पाय सर्वांत मजबूत आहे. त्याच्याकडे शेवटी येतो.

पहिला पाय घेऊ. ‘मूळ रूप’ म्हणजे कोणत्या दिवसाचे रूप? आपल्याकडे सर्वांत जास्त सापडणारी जुनी लष्करी बंदूक म्हणजे कंपनीच्या शिपायाची गारेची बंदूक, जिला अभ्यासक ‘इंडिया पॅटर्न’ म्हणतात. तिची नळी ३९ इंची. ब्रिटिश सरकारी फौजेची त्याआधीची बंदूक ४२ इंच नळीची होती, आणि तिच्याही आधीची ४६ इंचांची. १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध पेटले, सरकारी कोठारे अपुरी पडली, तेव्हा इंग्लंडच्या सरकारने कंपनीसाठी तयार झालेल्या या आखूड आणि स्वस्त बंदुका उचलल्या. १७९७ पासून कारागिरांना हाच नमुना करायला सांगितले. म्हणजे हा नमुनाच मुळात एका जुन्या नमुन्याची काटछाट. त्यातही लॉक, म्हणजे घोड्याची यंत्रणा, एकाचे, नळी दुसऱ्याची, पितळी सामान तिसऱ्याचे, आणि या सगळ्यांची दस्त्यावर जुळणी करणारा चौथाच. १८०९ मध्ये गार धरणाऱ्या घोड्याची हंसाच्या मानेसारखी नाजूक मान बदलून भरीव, मध्ये भोक असलेली मान आली, कारण जुनी मान मोडत असे. १८०० सालच्या लॉकवर १८०९ नंतरचा घोडा सापडला, तर ती बंदूक भ्रष्ट झाली का? तो घोडा बसवणारा शस्त्रागारातला लोहारही त्याच फौजेचा नोकर होता. ज्याला मूळ म्हणून पूजायचे ते रूप कारखान्याच्या दारातून निघाल्यावर तसेच टिकेल याची खात्री नसे. शिपायाच्या हाती वीस-तीस वर्षे वापरली गेलेली वस्तू आणि काचेमागे ठेवण्यासाठी घडवलेली वस्तू यांना एकच माप लावता येत नाही.

दुसरा पाय, म्हणजे बदल ही केवळ काटकसर होती, हा तर कागदपत्रांपुढे टिकतच नाही. गारेच्या बंदुकीत बाहेरच्या वाटीत रंजक, म्हणजे बार पेटवणारी दारू, उघडे पडलेले असते. वारा, दमट हवा, पाऊस, झिजलेली गार, काहीही आड येते. टोपीच्या बंदुकीत घोडा निपलावर बसवलेल्या छोट्या टोपीवर आपटतो आणि तिच्यातले रसायन बार पेटवते. १८३४ मध्ये इंग्लंडमधल्या वुलिचला दोन्ही पद्धतींची चाचणी झाली. सहा-सहा हजार बार काढण्यात आले. गारेच्या बंदुका ९२२ वेळा फुसक्या गेल्या, टोपीच्या ३६ वेळा. म्हणजे आधी साधारण सहा-सात बारांत एक वाया जाई, तो आता दीडशेहून अधिक बारांत एक. आणि चाचणीच्या मैदानावरचा हा आकडा रणात काय अर्थ घेऊन येतो, हे मे १८४१ मध्ये चीनमधल्या कॅन्टनजवळ दिसले. कंपनीच्या मद्रास फौजेतल्या सदतिसाव्या रेजिमेंटची एक तुकडी मुसळधार पावसात वेगळी पडली. गारेच्या बंदुका भिजल्या, बार निघेना. संगिनींवर गर्दी थोपवत ते आपले शिपाई उभे राहिले. त्यांना सोडवायला टोपीच्या बंदुका घेतलेले नौसैनिक पाठवावे लागले. त्यांचे बार पावसातही निघाले. गारेच्या बंदुकीवर बसवलेले टोपीचे निपल पाहताना मला हा पाऊस आठवतो. मावळातला पावसाळा ज्याने एकदा पाहिला आहे, त्याला तर हे वेगळे समजावून सांगायला नको. त्या निपलाला डागडुजी म्हणणे हे त्या शिपायांच्या जिवाला हलके लेखणे आहे.

या बदलाच्या रीती तरी किती! कुठे कान्याचे, म्हणजे रंजकाची आग नळीत नेणारे, बारीक भोक रुंद करून, त्यात आटे पाडून, लहानसा ड्रम पिळून बसवला आणि त्यावर निपल चढवले. कुठे जुने भोक बुजवून निपल नळीच्या माथ्यावरच बसवले. कुठे नळीचे मागचे टोकच कापून नवे जोडले. रंजकाची वाटी काढली, गार जिच्यावर आपटायची ती पोलादी पट्टी काढली, तिच्या स्प्रिंगची भोके खिळे घालून सपाट केली, आणि गारेच्या घोड्याऐवजी हातोडीसारखा घोडा आला. सरकारी शस्त्रागारातले काम एकसारखे, मापातले, शिक्क्यांसह असते. गावच्या लोहाराचे काम त्याच्या हाताचे वळण घेऊन येते. ज्याला कारागिरी पाहायची आहे त्याला एका बदललेल्या बंदुकीत दोन कारागीर भेटतात.

आता ज्या बंदुकीला जमवणारे सर्वांत हलके समजतात, तिची बाजू मला मांडायची आहे. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल सर्वांना ठाऊक आहे. १८५७ च्या काडतुसांचा वाद तिचाच. तिच्या नळीचा आतला व्यास ०.५७७ इंच आणि आत सर्पिल खाचा, म्हणून नेम लांबवर पक्का. बंडानंतर हिंदी पलटणींच्या हातात अशी बंदूक देणे सरकारला नको झाले. मग काय केले? त्याच रायफलींची नळी आतून कातून ०.६५६ इंचांपर्यंत रुंद केली, खाचा नाहीशा केल्या, लांब पल्ल्यासाठी वरखाली होणारा मागचा नेम काढून त्या जागी साधा, स्थिर नेम ठेवला. नळीची भिंत इतकी पातळ झाली की ती फुगू लागली, म्हणून १८५९ चा जाड नळीचा नमुना आणावा लागला. बाजारात अशी बंदूक ‘खराब केलेली एन्फील्ड’ म्हणून कोपऱ्यात पडते. मला ती खाचा शाबूत असलेल्या एन्फील्डपेक्षा अधिक मोलाची वाटते. विश्वास उडालेल्या राज्यकर्त्याने स्वतःच्याच शिपायाच्या हातातले शस्त्र जाणूनबुजून आंधळे केले, याचा एवढा स्पष्ट पुरावा कागदावरही क्वचित मिळतो. बंडानंतर नेमलेल्या पील आयोगाच्या अहवालात फौजेच्या फेररचनेचे शब्द वाचता येतात. या नळीत बोट घातले की तोच निर्णय हाताला लागतो. ही रीत पुढेही चालू राहिली. गोऱ्या पलटणींना नवे हत्यार मिळाले की त्यांनी टाकलेले हिंदी पलटणींकडे यायचे. हिंदी पलटण एक पिढी मागे. विसाव्या शतकात ईशापूरच्या कारखान्याने ली-एन्फील्ड रायफली गुळगुळीत करून, मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा घालून, एका वेळी एकच गोळी घेणारे .४१० बोअरचे मस्कट पोलिसांसाठी केले. आपल्या कितीतरी पोलिसांच्या खांद्यावर ते राहिले. ‘मूळ रूपात नाही’ म्हणून या बंदुका टाकल्या, तर हिंदी शिपायाचा सगळा इतिहासच संग्रहाबाहेर जातो. कारण त्याच्या वाट्याला मूळ रूप आलेच क्वचित.

इथे एक बाजूची गोष्ट. महादजी शिंद्यांच्या चाकरीत असलेल्या द बॉइन या युरोपी सेनानीने आग्र्याला शस्त्रांचे कारखाने उभारले आणि सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तिथे युरोपी धर्तीच्या बंदुका होऊ लागल्या. हिंदुस्थानी कारागिरांनी कंपनीच्या बंदुकीबरहुकूम केलेल्या बंदुका आजही निघतात. काहींवर तर इंग्रजी शिक्क्यांची नक्कल अक्षरे उलटसुलट करून कोरलेली असते. जमवणारे त्यांना नकली म्हणतात. मला त्या अक्षरांत ती भाषा न वाचता येणाऱ्या, पण लोखंड अचूक वाचणाऱ्या माणसाचा हात दिसतो. नेपाळच्या बाबतीत हा समज बदलायला सुरुवात झाली आहे. काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला जुना साठा २००३ मध्ये अमेरिकी खरेदीदारांनी उचलला, आणि त्यात निघालेल्या नेपाळी बनावटीच्या गहेंद्र रायफली आता स्वतंत्र अभ्यासाचा विषय झाल्या आहेत. मराठी मुलखातल्या देशी बंदुकांना तेवढेही भाग्य लाभलेले नाही.

आता तिसरा पाय: बदललेली बंदूक घेतली की फसवणूक आलीच. ही भीती खरी आहे. पण ही फसवणूक येते कुठून? ‘मूळ रूपालाच किंमत’ या नियमातूनच. टोपीच्या बंदुकीला कमी भाव आणि गारेच्या बंदुकीला जास्त, म्हणूनच व्यापारी टोपीचा घोडा काढून नवा गारेचा घोडा बसवतो. नियम जितका कडक, तितका खोट्याला नफा. बदलाला त्याचे योग्य मोल मिळू लागले, तर तो पुसण्याचे कारणच उरत नाही.

आणि ओळखता येत नाही हे म्हणणेही बरोबर नाही. निदान या पट्ट्यात तरी ते कोणी म्हणू नये. ज्या हातांनी आयुष्यभर मोटारीचे भाग तपासले, त्यांना हे काम परके नाही. आमच्या शेडमध्ये भाग दुरुस्त करून पुन्हा जुळणीला जातो तेव्हा त्याच्याबरोबर रीवर्कचे कार्ड जाते. बंदुकीबरोबर कार्ड नसते, पण त्यावरचा मजकूर लोखंडावरच लिहिलेला असतो.

पाहा कसा. बंदूक एकदा टोपीची झाली होती आणि आता गारेची म्हणून विकायला आली आहे, असे समजा. ड्रम बसवताना कान्याचे भोक रुंद केलेले असते. ते पुन्हा बारीक करायचे तर त्यात बुश ठोकावा लागतो, आणि भिंगाखाली त्या बुशाची कड दिसते. टोपीतल्या रसायनाचा क्षार लोखंड खातो. निपलाभोवती नळीवर आणि लॉकच्या पट्टीवर बारीक खड्ड्यांचे वर्तुळ पडते. गारेच्या बंदुकीवर ते वर्तुळ असण्याचे काहीच कारण नाही. मग स्क्रू काढून पिच गेज लावा. ब्रिटिश अभियंता व्हिटवर्थने आट्यांची एकसारखी प्रमाणे सुचवली ती १८४१ मध्ये, आणि त्यांचा कोन ५५ अंश. त्याआधी प्रत्येक कारागिराचे आटे आपापले. १७९५ च्या लॉकमध्ये ६० अंशांचा, एक मिलिमीटर पिचचा स्क्रू बसला असेल, तर तो कालपरवा कुठल्या तरी शेडमधून आला आहे. घोडा ओतीव असेल, तर साच्याच्या सांध्याची रेघ घासूनही कुठेतरी उरते. शिवाय जुन्या घोड्यावरून साचा घेतला असेल, तर धातू थंड होताना आकसतो आणि नक्कल मुळापेक्षा सुमारे दोन टक्क्यांनी लहान निघते. फाउंड्रीतल्या माणसाला श्रिंकेज म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. लॉक उतरवून आत पाहिले, तर जुळणी करणाऱ्याने कानशीने मारलेल्या खुणा नळीच्या पोटावर आणि पट्टीच्या आत जुळतात की नाही तेही कळते.

शेवटची खात्री धातूची. पोलाद करण्याच्या पद्धतीचे बेसेमरचे पेटंट १८५६ चे. त्याआधीच्या घडीव लोखंडात मळीचे धागे असतात आणि मँगनीज अगदी थोडे. आजच्या साध्या पोलादात मँगनीज ठळकपणे सापडते. हातात धरायच्या एक्सआरएफ यंत्राने, भागाला ओरखडाही न पाडता, ते क्षणात वाचता येते. मात्र ठिणगी पाडणारी स्पेक्ट्रो चाचणी अशा वस्तूवर करू नये. ती पृष्ठभागावर जळका डाग सोडते, आणि हा डाग मग कायमचा.

ही साधने हाती असताना ‘कळत नाही म्हणून टाळा’ हा सल्ला आळसाचा आहे. तपासायचे ते एवढेच, की बदल कोणी केला, कधी आणि कशासाठी. फौजेने नोकरीत असताना केलेला बदल हा बंदुकीच्या आयुष्याचा भाग. पुढे मालकाने केलेला बदलही तिच्या आयुष्याचा भाग. कोकणात आणि सह्याद्रीच्या कुशीत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेल्या, त्यासाठी संगिनीचा खुंटा घासला गेला, नळी आखूड झाली, मोडलेल्या दस्त्याला पितळी पत्रा ठोकला गेला. रानडुकरांपासून नाचणी राखणाऱ्या माणसाने ते केले. त्यात लबाडी नाही. लबाडी फक्त तिसऱ्या प्रकारात आहे, विकण्यासाठी केलेल्या बदलात, आणि कमी मोल फक्त त्याचे व्हावे. सगळ्याच बदलांना एका दोरीत बांधणारा नियम प्रामाणिक लोहाराला आणि भामट्याला एकच शिक्षा देतो.

बदल वाचता आले की दंतकथाही तपासता येतात. आमच्या भागात गारेची बंदूक दाखवून ‘ही चाकणच्या वेढ्यातली’ असे म्हणणारे भेटतात; १६६० चा वेढा तोड्याच्या बंदुकांनी लढला गेला. ‘वडगावच्या लढाईतली लूट’ हीदेखील लाडकी कथा. तेव्हा लॉकवरचा शिक्का पाहावा. कंपनीचा जुना शिक्का हृदयाच्या आकाराचा, त्यात चार घरांत कंपनीची आद्याक्षरे. १८०८ च्या सुमारास त्याऐवजी मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह आला. ज्या लॉकवर सिंह आहे ते १७७९ च्या जानेवारीत वडगावला असूच शकत नाही, मग घरातले वडीलधारे काहीही सांगोत. हा शिक्का वाचायला लॉकची पट्टी शाबूत लागते. ती ‘मूळ पदावर’ आणताना घासली गेली, की खरे-खोटे ठरवण्याची एक मोठी संधी गेली.

संग्रहालयांनाही माझे एक सांगणे आहे. कपाटातल्या पाटीवर एकच शतक लिहिण्याची रीत बंद व्हावी. ‘नळी व लॉक १८०० च्या सुमाराचे, टोपीचा बदल १८४० नंतर, नळी आखूड केली त्यानंतर, दस्त्याची दुरुस्ती गावठी’ एवढ्या चार ओळी लिहायला फार जागा लागत नाही. कंपनीच्या शस्त्रांवर डेव्हिड हार्डिंगने चार खंड लिहिले आहेत. नमुन्यांची आणि शिक्क्यांची ओळख पटवायला तेवढे भक्कम साधन उपलब्ध आहे. मग पाटी एका ओळीची का?

बंदूक ‘चालू’ करून घेण्याच्या हौसेला कायद्याचाही धाक असायला हवा. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात जुनाट किंवा पुरातन मोलाच्या हत्याराला सूट आहे. पण ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नसेल तरच. नवा घोडा, नवी स्प्रिंग, मोकळा कान्या करून जो आपल्या आजोबांची बंदूक पुन्हा बार काढण्याजोगी करतो, तो इतिहास तर पुसतोच, वर ही सूटही गमावून बसतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि तिला परदेशी पाठवणे गुन्हा आहे, हेही परदेशी भावाच्या लोभाने घासाघाशी करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आणि या पट्ट्यातली घरे खंडेनवमीला शस्त्रे काढून पुजतात, तेव्हा एक विनंती. त्याच दिवशी शेडमध्ये लेथलाही फुले वाहिली जातात. बफिंगचे चाक शेजारीच असते, आणि आजोबांची बंदूक चकचकीत दिसावी असे कोणालाही वाटेल. पण चाक लागले की शिक्का गेला, टोपीच्या क्षाराचे वर्तुळ गेले, बुशाची कड गेली. मऊ कोरडे कापड आणि तेलाचा पातळ हात एवढे पुरे. बंदूक रिकामी आहे याची आधी जाणकाराकडून खात्री करून घ्यावी, कारण ठासणीच्या नळीत जुना बार तसाच राहिलेला असू शकतो. मग चांगल्या उजेडात दोन्ही बाजूंचे, लॉकचे आणि दस्त्यावरच्या आकड्यांचे फोटो काढावेत. निघालेला एखादा जुना स्क्रू किंवा घोडा फेकू नये. चिठ्ठी बांधून त्याच बंदुकीसोबत ठेवावा.